फोटोत दिसते तीच लेन्स

स्क्रूताईंच्या हाती बंद वस्तू देऊ नये, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणी त्यांनी वडिलांचं गजराचं घड्याळ उघडलं, मग शेजाऱ्यांचा रेडिओ उघडला, आणि धाकट्या बहिणीच्या लग्नात भेट आलेलं भिंतीवरचं घड्याळ तर पाहुणे जेवायला बसले असताना आतल्या खोलीत मांडीवर घेऊन उघडलं. मोडायचा हेतू कधीच नसे. आत काय चाललंय ते बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, एवढंच. बरं, उघडलेलं सगळं त्या नीट जुळवूनही ठेवत आणि वस्तू आधीपेक्षा बरी चाले, म्हणून कुणी फार बोलत नसे.

अशा बाईने कॅमेरे दुरुस्त करायचं काम धरलं तर नवल ते काय? एका फोटो स्टुडिओत पावत्या लिहायला म्हणून लागल्या, आणि दोन वर्षांत मागच्या खोलीतल्या दुरुस्तीच्या टेबलावर जाऊन बसल्या. तिथून त्यांना कुणी उठवू शकलं नाही. पुढे लोकांच्या फोनमध्येच कॅमेरे आले, स्टुडिओ बंद पडला, आणि ताईंचं टेबल घराच्या काचा लावलेल्या बाल्कनीत आलं. टेबलावर एक वाकणारा दिवा, एक मऊ ब्रश, आणि औषधाच्या गोळ्या ठेवायच्या सात खणांच्या डब्या. खणांवर सोमवार ते रविवार लिहिलेलं, आणि आत गोळ्यांऐवजी स्क्रू. "ते बारके ना? बुधवारात बघ," असं त्या म्हणाल्या की ऐकणाऱ्याला वाटे, बाईंचं डोकं फिरलंय.

स्क्रूताई हे नाव मात्र कौतुकाने पडलेलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी दुरुस्त केलेला एक कॅमेरा पुलापलीकडच्या भिंगमास्तरांकडे गेला. मास्तरही त्याच धंद्यातले, वयाने थोडे मोठे, हात चांगला आणि जीभ त्याहून तिखट. त्यांनी कॅमेरा उघडला आणि दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली असताना म्हणाले, "बाईंचा एक स्क्रू कमी आहे." कॅमेऱ्यातला की डोक्यातला, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि लोकांनी सोयीचं ते धरलं. झालं, नाव चिकटलं. ताईंनी मास्तरांशी बोलणं सोडलं. पूल ओलांडून जायची वेळ आली तर त्या दुकानासमोर मान दुसऱ्या बाजूला वळवत, आणि दुसऱ्या बाजूला एका गाद्यांच्या दुकानाशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं. अकरा वर्षं बाई गाद्या बघत होती.

आता भाचीकडे येऊ, कारण सगळं तिच्यापायीच घडलं. धाकट्या बहिणीची ही एकुलती एक मुलगी. चोवीस वर्षांची, हडकुळी, आणि जवळून फोटो काढायचं वेड लागलेली. मिठाचा कण, मुंगीचा पाय, भिंतीवरचं शेवाळ, काहीही. तिच्या वडिलांना हे पटत नसे. कुणी लग्नाचे फोटो काढले तर समजू शकतो, मुंगीकडून काय मिळणार, असं त्यांचं म्हणणं. वाईट नव्हते बिचारे, पण कारकुनीत जन्म गेलेला. मुलीलाही एखादी टेबल-खुर्ची मिळावी म्हणून त्यांनी एका विमा कचेरीत शब्द टाकून ठेवला होता.

आणि अशात मुलीला शहराबाहेरच्या बियाण्यांच्या संस्थेतून बोलावणं आलं. तिथे हजारो जातींचं बी बरण्यांत जपून ठेवलेलं. त्या प्रत्येक बीचा जवळून फोटो काढायचा, कित्येक वर्षं पुरेल एवढं काम. अट एकच होती. एक तारखेला स्वतःची लेन्स घेऊन यायचं, दिवसभरात चाळीस बियांचे फोटो काढून दाखवायचे, पसंत पडले तर नोकरी पक्की. वडील म्हणाले, "ठीक आहे. एक तारखेला तिथे जमलं नाही, तर दोन तारखेला विमा कचेरीत." मुलगीही हो म्हणाली.

अशा कामाची लेन्स नवी घ्यायची तर आवाक्याबाहेर. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांत जुनीच बसत होती. जुन्या वस्तू विकायच्या एका अ‍ॅपवर तिला ती सापडली. विकणाऱ्याने स्वतःचं नाव ठेवलेलं 'भरवशाचा कॅमेरावाला'. जाहिरात तर काय, वाचून डोळ्यांत पाणी यावं: 'घरगुती वापर. तळहाताच्या फोडासारखी जपलेली. नाइलाजाने विकतोय. फोटोत दिसते तीच वस्तू मिळेल.' फोटोत लेन्स अशी लखलखत होती, की भाचीने मावशीला विचारायच्या आधीच पैसे भरून टाकले. भरवशाच्या म्हशीला टोणगा, हे तिला कोण सांगणार?

पार्सल आलं ते घेऊन ती धावत मावशीच्या बाल्कनीत. बाहेरून लेन्स चकचकीत होती. ताईंनी ती दिव्यासमोर धरली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. आत, मधल्या भिंगावर, पांढुरके धागे पसरलेले. बुरशी.

"मावशी, थांब, आधी आपण आहे तसा व्हिडिओ—"

पण तिचं वाक्य संपेपर्यंत चार स्क्रू बुधवारात पडलेसुद्धा. ताईंच्या हाताने ताईंना विचारलंच नाही. पाच मिनिटांत लेन्सचं मागचं कडं निघालं, भिंग बाहेर आलं, आणि निदान झालं: बुरशीने काचेवरचा लेपच खाल्लाय, पुसून उपयोग नाही, लेन्स कामातून गेली.

भाचीने अ‍ॅपवर तक्रार केली. नियम असा, की वस्तू आली तशी दाखवायची. भरवशाच्या माणसाने उत्तर धाडलं: 'मी उत्तम लेन्स पाठवली. यांनी ती उघडून आतली भिंगं बदलली आणि खराब माल माझ्या माथी मारतायत.' चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. अ‍ॅपवाल्यांनी भाचीला विचारलं, लेन्स उघडली होती का? पोरगी खोटं बोलणारी नाही. तिने लिहिलं, हो. चार दिवसांनी निकाल आला: वस्तूशी छेडछाड झाल्याने तक्रार बंद.

एक तारीख सहा दिवसांवर आली होती. भाची मावशीला एका शब्दाने बोलली नाही. उलट त्या दिवशी येऊन तिने चहा केला, कप विसळून पालथे घातले आणि म्हणाली, "जाऊ दे गं मावशी. विमा कचेरीत पंखा तरी असेल." ताईंना ते फार लागलं. पोरीने भांडण काढलं असतं तर त्याही दोन शब्द बोलल्या असत्या आणि मन मोकळं झालं असतं. हात दाखवून अवलक्षण केलं ते आपण, आणि भोगणार ही. त्या रडल्या नाहीत, पण ताटावरून तशाच उठल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ती लेन्स पुन्हा पुढ्यात घेतली. आता उघडलीच आहे तर पुरती उघडू, असा विचार. मागच्या कड्याखाली आणखी एक पातळ कडं होतं, तेही काढलं. आणि त्याच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेली एक खूण दिसली. छोटासा पतंग, त्याखाली महिना आणि वर्ष, आणि पतंगावर आडवी रेघ.

ही या धंद्यातली जुनी रीत. ज्याने वस्तू उघडली त्याने आत, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा जागी, आपली खूण आणि तारीख कोरायची. काम केलं तर नुसती खूण. काम होण्यासारखं नसेल तर खुणेवर आडवी रेघ, म्हणजे पुढच्या माणसाने वेळ फुकट घालवू नये. ताईंची खूण होती तीळ. पतंग कुणाचा, ते त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पतंग भिंगमास्तरांचा होता आणि तारीख पाच महिन्यांपूर्वीची.

म्हणजे लेन्स मेलेली आहे हे विकणाऱ्याला पाच महिने आधीपासून माहीत होतं.

त्यांनी भाचीला बोलावून घेतलं. तिने खूण बघितली, मग फोन काढून त्या भरवशाच्या माणसाच्या जुन्या जाहिराती काढल्या. याच जातीच्या सात लेन्स त्याने वर्षभरात विकल्या होत्या. मुंगीचा पाय बघणारी नजर ती, एकेक फोटो मोठा करून बघत बसली.

"मावशी," ती म्हणाली, "पुढच्या कड्यावर नखाएवढी खाच आहे बघ. या फोटोत आहे, यात आहे, यातही आहे. सातही फोटो एकाच लेन्सचे आहेत."

"आणि आपल्या लेन्सला खाच?"

"नाहीच."

सात विकल्या आणि फोटो एकीचेच. एक चांगली लेन्स नवरीसारखी नटवून फोटोला बसवायची आणि पाठवायची दुसरीच. ताईंना असा राग आला की कानाच्या पाळ्या तापल्या. पण राग येऊन भागणार नव्हतं, पुरावा हवा होता, आणि पुरावा पुलापलीकडे होता. त्यांनी पायांत चपला सरकवल्या.

या वेळी त्यांनी गाद्यांकडे पाहिलं नाही. सरळ दुकानात शिरल्या. मास्तर एकटेच होते, डोळ्याला भिंग लावून वाकलेले. मान वर केली आणि तसेच बघत राहिले. एक डोळा भिंगातून, एक उघडा.

"या," ते म्हणाले.

"बसायला आले नाही," ताई म्हणाल्या, आणि बसल्या. मग पिशवीतून लेन्स काढण्याआधी, रस्ताभर घोकत आलेलं वाक्य त्यांनी एका दमात टाकून दिलं. "त्या कॅमेऱ्यात स्क्रू कमी होता, हे खरं होतं. माझ्याकडूनच राहिला होता."

मास्तरांनी डोळ्याचं भिंग काढून टेबलावर ठेवलं. "होता. पण चारचौघांत बोलायला नको होतं मी. त्याच दिवशी संध्याकाळी येऊन सांगणार होतो. मग उद्या, उद्या करत राहिलो."

"अकरा वर्षं?"

"पूल लांब पडतो," मास्तर म्हणाले. ताईंना हसू आलं, आणि ते लपवायला त्यांनी लेन्स पुढे केली.

पतंग बघताच मास्तरांनी फळीवरची वही काढली. दुकानात आलेली प्रत्येक वस्तू तिच्यात लिहिलेली: नंबर, तारीख, काय बिघडलंय, आणि पुढे गिऱ्हाइकाची सही. नंबर सापडला. 'मधल्या भिंगाला बुरशी, लेप गेला, काम होणार नाही, गिऱ्हाइकास सांगितले.' पुढे झोकदार सही.

"हा नेहमी येतो," मास्तर म्हणाले. "गोड बोलतो. मेलेल्या लेन्स आणतो, बाहेरून पुसून घेऊन जातो. मी विचारलं, या कशाला रे तुला? तर म्हणे, टेबलावर शोभेला ठेवतो, मित्रांना भेट देतो. मी पण येडा, वर्षभर त्याच्या काचा पुसत बसलोय." त्यांचा आवाज चढला. "माझ्या हातून लोकांना फसवलं त्याने. आणि एक चांगली लेन्सही असते त्याच्याजवळ. दर वेळी तिची पुढची काच उभ्याउभ्या पुसून नेतो, म्हणून ती वहीत चढत नाही."

ताई पुढे सरकल्या. "पुढच्या कड्यावर नखाएवढी खाच?"

मास्तरांनी दोन क्षण आठवून पाहिलं. "आहे. तुम्हाला कसं कळलं?"

ताईंनी सगळं सांगितलं. मास्तर म्हणाले, उद्या अकराला तो काच पुसून घ्यायला येणार आहे.

दुसऱ्या दिवशी अकराला गल्ल्यामागे ताई बसल्या होत्या, मास्तरांचा निळा कोट घालून. कोट गुडघ्यापर्यंत येत होता. मास्तर मागच्या टेबलावर पाठ करून बसले होते आणि भाची कोपऱ्यातल्या स्टुलावर, गिऱ्हाईक असल्यासारखी.

भरवशाचा माणूस आला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हसरा. बघून कुणीही घराची किल्ली विश्वासाने द्यावी असा. "अरे वा, मास्तरांनी मदतनीस ठेवली वाटतं," असं म्हणत त्याने पिशवीतून एक लेन्स काढून गल्ल्यावर ठेवली. "मावशी, हिची तेवढी पुढची काच पुसून द्या. बोट लागलंय. फोटो काढायचाय आज."

पुढच्या कड्यावर नखाएवढी खाच होती.

ताईंनी ती दिव्यासमोर धरली. आत आरपार स्वच्छ. हात शिवशिवत होते, पण आज त्यांनी एकही स्क्रू हलवला नाही. काच पुसली, वही पुढे ओढली. "तुमचीच ना?"

"माझीच की."

"इथे सही करा."

त्याने झोकदार सही ठोकली. मग ताईंनी पिशवीतून बुरशीची लेन्स काढली आणि तिच्या शेजारी ठेवली. फोनवर जाहिरात उघडून फोन मधोमध ठेवला.

"वाचा," त्या म्हणाल्या. "शेवटची ओळ. फोटोत दिसते तीच वस्तू मिळेल, असं तुम्हीच लिहिलंय. फोटोतली ही. आणि तुम्ही आम्हाला पाठवलीत ती ही."

त्याचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. त्याने कोपऱ्यातल्या मुलीकडे पाहिलं, मग ताईंकडे. "अच्छा, ते प्रकरण होय. ते तर बंद झालंय, मावशी. निकाल लागलाय. तुम्ही लेन्स उघडली होतीत."

"उघडली ना. उघडली म्हणून तर आत ही सापडली." त्यांनी पातळ कडं त्याच्यासमोर धरलं. "ही खूण मास्तरांची. ही तारीख पाच महिन्यांपूर्वीची. आणि ही आडवी रेघ म्हणजे काम होणार नाही. मास्तर, वाचा."

मास्तर वही न बघता, पाठ वळवूनच म्हणाले, "मधल्या भिंगाला बुरशी, लेप गेला, गिऱ्हाइकास सांगितले. पुढे तुझी सही आहे. अशा आणखी सहा आहेत. आणि आज आठवी सही केलीस, चांगल्या लेन्सची, तुझीच आहे म्हणून."

तो म्हणाला, पैसे परत देतो, हप्त्याहप्त्याने. ताई म्हणाल्या, पैसे नकोत, एक तारखेला पोरीला लेन्स लागणार आहे. तो म्हणाला, बरं, ही दिली, पण मग हे इथेच मिटवायचं, बाकीचं काही बोलायचं नाही.

इथे ताई थांबल्या. लेन्स हातात होती. नुसतं हो म्हटलं असतं तर काम फत्ते होतं. त्यांनी भाचीकडे पाहिलं. भाचीने मान हलवली, नाही अशी.

"ते कबूल करणार नाही," ताई म्हणाल्या. "बाकीच्या सहा जणांना काय मिळालं ते त्यांना कळायलाच हवं. वहीची पानं आज अ‍ॅपवाल्यांकडे जाणार." आणि त्यांनी हातातली चांगली लेन्स गल्ल्यावर, त्याच्या बाजूला, सरकवून ठेवली. बुरशीची तिच्या शेजारी. "हिसकावून घ्यायची आमच्यात रीत नाही. तुमची कुठली ती तुम्हीच उचला."

भाची स्टुलावरून उठली. मास्तर पहिल्यांदाच मागे वळले. उचलून चालता झाला असता तर? तर एक तारीख गेली होती, आणि पोरीचं सगळंच गेलं होतं.

त्याने चांगल्या लेन्सकडे हात नेला. बोटं तिच्यावर टेकली. मग त्याने वहीकडे पाहिलं, स्वतःच्या सहीकडे पाहिलं, आणि ती शाई अजून ओली होती. सातांतली एक तक्रार तरी कमी होईल, एवढा हिशेब त्याने केला असावा; हात बाजूला सरकला. त्याने बुरशीची लेन्स उचलली, पिशवीत टाकली, आणि अदलाबदल झाल्याच्या दोन ओळी वहीत लिहून दिल्या. जाताना "येतो" सुद्धा म्हणाला, सवय असते एकेकाला.

तो गेल्यावर ताईंनी कोट काढला, तेव्हा कळलं की पाठ घामाने भिजलीय. मास्तरांनी स्वतः जाऊन तीन चहा आणले. वहीच्या पानांचे फोटो भाचीने काढले, अक्षर अन् अक्षर स्पष्ट, आणि त्याच दुपारी अ‍ॅपवाल्यांकडे गेले. भरवशाचा कॅमेरावाला तिसऱ्या दिवशी अ‍ॅपवरून नाहीसा झाला, आणि बाकीच्या सहा जणांना, तक्रार पुन्हा उघडलीय, असा निरोप गेला. मास्तर म्हणाले, तुमच्या-माझ्या धंद्यात अकरा वर्षांत एवढी मजा आली नव्हती. ताई म्हणाल्या, तुम्ही बोलावलं कुठे होतं?

एक तारखेला सकाळी भाची संस्थेत गेली. ताई बाल्कनीतल्या टेबलावर बसल्या, पण कामात लक्ष लागेना. दहा वाजले. बारा वाजले. दोन वाजता बहिणीचा फोन आला, काही कळलं का गं, आणि पाठीमागून भावोजींचा आवाज आला, "म्हणावं, कळल्याबरोबर सांगा." ताईंनी ऐकलं. म्हणजे त्यांनाही काळजी लागलीय तर. चार वाजले. ताईंना वाटायला लागलं की लेन्सला काही झालं असणार, ती आधी एकदा उघडून बघायला हवी होती, मग स्वतःलाच दटावलं.

साडेचारला फोन वाजला. भाची दबक्या आवाजात बोलत होती, मागे बरण्या हलवल्याचा आवाज येत होता.

"मावशी, चाळीस झाले. इथल्या मोठ्या बाईंनी सगळे बघितले. तीळ बघून म्हणाल्या, याच्या सालीवर जाळी असते हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं." मग ती म्हणाली, "ठेवून घेतलं गं मला. उद्यापासून यायला सांगितलंय."

"बरं," ताई म्हणाल्या. "जेवलीस का?"

"नाही, वेळच नाही मिळाला."

"मग आधी जेव. तुझ्या बाबांना मी सांगते."

फोन ठेवला आणि मग मात्र त्यांना आवरलं नाही. टेबलावर डोकं टेकून बाई पोटभर रडली, आनंदाने, चांगली दहा मिनिटं. मग तोंड धुतलं, बहिणीच्या घरचा नंबर लावला, आणि भावोजींनी फोन उचलताच खणखणीत आवाजात म्हणाल्या, "विमा कचेरीतल्या साहेबांना कळवून टाका. आमची मुलगी येणार नाही म्हणावं, तिला नोकरी लागलीय."